उद्यानातील शिकारी पक्षी : आहाराचे निरीक्षण व छायाचित्रण

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान – इयत्ता चौथी ते सातवी)

१. पाठाचे प्रयोजन

प्राथमिक शाळेत पक्ष्यांचा पाठ बहुधा चिमणी, कावळा, पोपट व मोर या चार नावांवर संपतो. शिकारी पक्ष्यांचा उल्लेख आलाच, तर घार कोंबडीची पिल्ले पळविते, एवढ्या एका वाक्यात तो उरकला जातो. वास्तविक घार ही महाराष्ट्रातील बहुतेक गावांच्या माथ्यावर घिरट्या घालणारी नित्याची शेजारीण आहे. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचे उद्यान असेल, तर तेथील जुन्या वृक्षांवर शिक्राही आढळतो. लहान गावी उद्यान नसले, तरी तळ्याचा काठ, आमराई, गायरान किंवा शाळेची बाग यांवर हा पाठ तितकाच चांगला घेता येतो.

हल्ली बहुतेक शिक्षकांजवळ छायाचित्र घेण्याची सोय असलेला मोबाईल असतो. परिसर भेटीच्या वेळी एखादा शिकारी पक्षी भक्ष्य खाताना दिसला, की शिक्षकांचा हात साहजिकच खिशाकडे जातो आणि मुले पुढे धावतात. पक्षी उडतो, हाती एक अस्पष्ट चित्र लागते, आणि पाठ तेथेच संपतो. या प्रसंगाचे रूपांतर शिस्तबद्ध अभ्यासात कसे करावे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यातील मुख्य सूत्र एकच आहे : चित्रासाठी पक्ष्याच्या तोंडचा घास हिरावला जाता कामा नये.

हे सूत्र भावनेपोटी सांगितलेले नाही. शिकारी पक्ष्याची प्रत्येक झडप यशस्वी होत नाही. कित्येक प्रयत्नांनंतर एखादे भक्ष्य त्याच्या हाती येते. विणीच्या दिवसांत त्याच भक्ष्यावर घरट्यातील पिल्लेही अवलंबून असतात. आपल्या चाहुलीने पक्षी भक्ष्य टाकून उडाला, तर त्याचे श्रम वाया जातात आणि टाकलेला घास कावळे उचलून नेतात. शिवाय असे चित्र अभ्यासाच्या दृष्टीनेही निरुपयोगी ठरते; कारण त्यात दिसतो तो घाबरलेला पक्षी, जेवणारा पक्षी नव्हे.

२. आपल्या परिसरातील शिकारी पक्षी

शिक्षकांनी प्रथम चार-पाच पक्षी खात्रीने ओळखावयास शिकावे. नावांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे.

घार. लांबी सुमारे ६० सेंटिमीटर. रंग गडद तपकिरी. तिची शेपटी मध्यभागी खाच असलेली, म्हणजे दुभंगलेली दिसते. उडताना ती शेपटी सुकाणूप्रमाणे फिरविते. मृत जनावरांचे मांस, उंदीर, बेडूक, मोठे कीटक, मासे आणि मांसाच्या दुकानामागे टाकलेले तुकडे हे तिचे खाद्य होय. पायात धरलेले लहान भक्ष्य उडता उडताच चोचीकडे नेऊन ती खाते. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले किडे जमिनीतून बाहेर पडतात, तेव्हा घारी हवेतच त्यांचा फडशा पाडतात. जून महिन्यात शाळा उघडतात, त्या सुमारास हे दृश्य अवश्य दाखवावे.

ब्राह्मणी घार. लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर. डोके व छाती पांढरी, बाकीचे अंग विटकरी तांबूस. शेपटीचे टोक गोलसर. ती पाण्याजवळ राहते. कोकण किनाऱ्यावर, तसेच धरणे व तलाव यांच्या काठी ती मासे, खेकडे व बेडूक टिपताना दिसते.

कापशी. आकाराने साधारण कावळ्याहून लहान. रंग पांढरट राखी, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे लाल. शेतावर पंख फडफडवीत ती हवेत एकाच जागी स्थिर राहते, मग पंख उंचावून व पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते. उंदीर हे तिचे प्रमुख भक्ष्य असल्यामुळे ती शेतकऱ्याची मित्र ठरते. तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसून खाण्याची तिला सवय असते.

शिक्रा. आकार कबुतराएवढा. पाठ राखी, छातीवर तांबूस आडवे पट्टे. तो दाट पानांच्या झाडात लपून बसतो आणि सरडा, पाल, खार, उंदीर किंवा लहान पक्षी यांवर अकस्मात झेप घेतो. उद्यानात दिसणाऱ्या शिकारी पक्ष्यांत अभ्यासास हा सर्वांत सोयीचा होय. कारण भक्ष्य घेऊन तो जवळच्याच फांदीवर बसतो.

पिंगळा. लहानसे, ठिपकेदार घुबड. दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात बसतो व तिन्हीसांजेस बाहेर पडतो. किडे व उंदीर हे त्याचे खाद्य. घुबडाविषयी गावात असलेल्या अपशकुनाच्या समजुतीचा विचार करण्यास पिंगळ्याचे निरीक्षण हे उत्तम निमित्त होते.

हिवाळ्यात याखेरीज खरुची व भोवत्या हे पक्षी उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी परत जातात. माळरानाजवळच्या शाळांनी ऑक्टोबर ते मार्च या काळात त्यांच्याकडे लक्ष ठेवावे.

३. शिकारी पक्षी कसा जेवतो?

निरीक्षणापूर्वी विद्यार्थ्यांना शिकारी पक्ष्याच्या अवयवांचे कार्य समजले पाहिजे. शिक्रा किंवा घार यांचे खरे शस्त्र म्हणजे पायाची नखे. भक्ष्य पकडणे व मारणे हे काम बहुतांशी पाय करतात. आकडीसारखी वाकलेली चोच मांस फाडण्यास उपयोगी पडते. ससाण्याची रीत थोडी वेगळी आहे. त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो आणि त्याच्या साहाय्याने तो भक्ष्याची मान तोडतो.

भक्ष्य मिळाल्यावर पुढील क्रम बहुधा दिसतो. पक्षी प्रथम भोवताली पाहतो. मग एका किंवा दोन्ही पायांखाली भक्ष्य दाबून धरतो. भक्ष्य पक्षी असेल, तर आधी पिसे उपटतो. नंतर लहान लहान तुकडे तोडून गिळतो. गळ्याशी असलेल्या पिशवीत अन्न साठत गेले, की छातीचा वरचा भाग फुगलेला दिसतो. यावरून पक्ष्याचे पोट भरले किंवा नाही, हे दुरूनही कळते. घुबडांना मात्र अशी पिशवी नसते. जेवण झाल्यावर पक्षी चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासून स्वच्छ करतो, अंगावरील पिसे फुलवून झटकतो व स्वस्थ बसतो. चोच घासणारा पक्षी निर्धास्त आहे, असे समजावे.

याउलट काही लक्षणे पक्ष्याची अस्वस्थता दाखवितात. खाणे थांबवून तो टक लावून पाहतो. पिसे अंगाला घट्ट चिकटवून ताठ होतो. भक्ष्यावर दोन्ही पंख छत्रीसारखे पसरून ते झाकतो. पुढे झुकतो, विष्ठा टाकतो आणि उडतो. पंखांची छत्री हे दृश्य मोठे आकर्षक असते व छायाचित्र घेणाऱ्याला त्याचा मोह पडतो. परंतु आपला घास कोणी हिसकावून घेईल, या भीतीचे ते लक्षण आहे. भीती कावळ्याची असेल, तर ती निसर्गातील नित्याची गोष्ट होय. ती आपलीच असेल, तर मागे सरणे हे आपले कर्तव्य आहे.

न पचणारी हाडे, केस व पिसे यांची गोळी करून शिकारी पक्षी ती तोंडावाटे बाहेर टाकतात. घुबडांच्या बैठकीखाली अशा गोळ्या सहज सापडतात. प्रत्यक्ष खाणारा पक्षी दिसला नाही, तरी या गोळ्यांवरून त्याने काय खाल्ले, हे उलगडता येते. गोळी काडीने उचलून पाण्यात भिजवावी व अवयव वेगळे करावेत. उंदराच्या कवटीतील पुढचे लांब दात मुले ताबडतोब ओळखतात. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे व नंतर साबणाने हात धुण्यास विसरू नये.

४. आहाराच्या नोंदीचे मोल

पक्ष्याने काय खाल्ले, ही नोंद क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाही, हे गिधाडांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

काही दशकांपूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की थोड्याच वेळात गिधाडांचा थवा उतरत असे. आज पाचवीच्या वर्गातील बहुतेक मुलांनी गिधाड पाहिलेले नसते; त्यांच्या आजोबांनी मात्र ते पाहिलेले असते. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९९० नंतरच्या दशकात नोंदविले. पुढे झालेल्या गणनांवरून असे दिसून आले, की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा ९९ हून अधिक घटली.

कारण त्यांच्या आहारातच होते. आजारी गुरांना वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध टोचले जात असे. असे जनावर लवकरच मेले व गिधाडांनी खाल्ले, तर त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. ही गोष्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध झाली आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाचा वापर बंद केला. मेलॉक्सिकॅम हे त्याऐवजी वापरता येणारे, गिधाडांना सुरक्षित असलेले औषध होय. ही माहिती पशुपालकांच्या मुलांपर्यंत आणि मुलांकडून घरापर्यंत पोहोचविणे, हे ग्रामीण शिक्षकांच्या हातचे आहे.

शेतातील उंदरांना घातलेले विषही याच मार्गाने कापशी व घुबडे यांच्या पोटात जाऊ शकते. विष खाल्लेला उंदीर मंद होतो, उघड्यावर येतो व शिकारी पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो. तेव्हा कोणता पक्षी कोठे, केव्हा व काय खातो, याची गावोगाव ठेवलेली साधी नोंद ही शेतीच्या व आरोग्याच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते. दिनांक व स्थळ लिहिलेले छायाचित्र हा त्या नोंदीचा भक्कम पुरावा होय.

५. पक्षी शोधण्याची रीत

शिकारी पक्षी डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी शोधावा. शिक्रा बागेत शिरला, की खार एका जागी बसून सतत ‘चिक् चिक्’ करते, सातभाई व साळुंक्या एकच गलका करतात. कावळे आणि कोतवाल हे तर घारीवरही धावून जातात व तिच्या पाठीशी लागतात. हा आरडाओरडा ऐकू आला, की थांबावे आणि सर्वांची तोंडे कोणत्या दिशेस आहेत, ते पाहावे. पक्ष्यांची ही भाषा ओळखता येऊ लागणे, हा या पाठाचा एक मोठा लाभ आहे.

वेळेचाही विचार करावा. घारी जमीन तापून उष्ण हवा वर चढू लागल्यावर, म्हणजे सकाळी नऊ-दहानंतर, उंच घिरट्या घालतात; त्यापूर्वी त्या झाडांवर व खांबांवर बसलेल्या आढळतात. कापशी सकाळी व सायंकाळी अधिक शिकार करते. पिंगळ्यासाठी सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ योग्य. झाडाखाली उपटलेल्या पिसांचा सडा दिसला, तर ती शिक्र्याची जेवणाची जागा असू शकते. तेथे दुसऱ्या दिवशी दुरून लक्ष ठेवावे.

६. छायाचित्र घेण्याची पद्धत

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास हा धीराचा इतिहास आहे. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये, म्हणून त्यांनी बैलाचे कातडे आतून पोकळ करून त्यात कॅमेऱ्यासह बसण्याची युक्ती योजली. आज एवढे करण्याची गरज नाही. पण स्वतः लपावे व पक्ष्याला त्याचे काम करू द्यावे, हे त्यातील तत्त्व आजही तेच आहे.

शाळेजवळ सर्वांत उत्तम लपण म्हणजे वर्गाची खिडकी. खिडकीतून पाहणाऱ्या माणसाची पक्ष्याला फारशी भीती वाटत नाही. उभी केलेली मोटार किंवा बैलगाडीही चालते. उघड्यावर जावयाचे झाल्यास पक्ष्याच्या रोखाने सरळ चालत जाऊ नये. वाटसरूप्रमाणे तिरके चालावे, मध्ये थांबावे, हातवारे करू नयेत. पक्ष्याने खाणे थांबवून आपल्याकडे पाहिले, की तेथेच स्थिर राहावे. तो पुन्हा खाऊ लागला, तर त्या जागेवरून चित्र घ्यावे. पुन्हा मान वर करून पाहू लागला, तर चार पावले मागे यावे. अंतर किती असावे, हे आपण ठरवावयाचे नसून पक्ष्याने ठरवावयाचे असते.

कॅमेऱ्यासंबंधी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) सूर्य छायाचित्र घेणाऱ्याच्या पाठीशी असावा. सकाळचे कोवळे ऊन सर्वांत चांगले.

(आ) चित्राची स्पष्टता पक्ष्याच्या डोळ्यावर साधावी. डोळा स्पष्ट असला, की बाकीचे किंचित अस्पष्ट असले तरी चालते.

(इ) उजळ आकाशासमोरील घार चित्रात नुसती काळी आकृती म्हणून उतरते. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर पक्ष्याला बोटाने स्पर्श करून प्रकाश थोडा वाढवावा. पांढरट कापशीच्या बाबतीत तो किंचित कमी करावा.

(ई) मोबाईलमध्ये चित्र ताणून मोठे केल्यास ते फुटते. म्हणून आहे त्या आकारात चित्र घ्यावे व नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा. शाळेत दुर्बीण असेल, तर तिच्या डोळ्याकडील भिंगाला मोबाईलचे भिंग नीट लावून दूरच्या पक्ष्याचे बरे चित्र मिळते. मात्र दुर्बीण कठड्यावर टेकवून स्थिर ठेवावी.

(उ) लांब भिंगाचा कॅमेरा उपलब्ध असल्यास, बसून खाणाऱ्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा व उडत्या पक्ष्यासाठी हजाराव्या भागाचा वेग ठेवावा.

(ऊ) मोबाईलचा आवाज बंद ठेवावा. झगझगीत प्रकाशाचा झोत, म्हणजे फ्लॅश, पिंगळ्यावर व इतर घुबडांवर केव्हाही टाकू नये. पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावू नये.

(ए) घरट्याजवळ छायाचित्रण करू नये. घार महाराष्ट्रात हिवाळ्यात घरटे करते आणि घरट्याजवळ येणाऱ्या माणसावर झडपही घालते. घरट्याची जागा दाखविणारे चित्र मोबाईलवरून कोणासही पाठवू नये.

७. आमिषाचा प्रश्न

चांगले चित्र लवकर मिळावे, म्हणून मांसाचे तुकडे टाकून घारींना खाली उतरविण्याची कल्पना कोणालाही सुचू शकते. घारी येतात, मुले टाळ्या वाजवितात, चित्रेही सुरेख मिळतात. मग यात वावगे काय, असा प्रश्न विद्यार्थीच विचारतील. त्याचे उत्तर शिक्षकांनी तयार ठेवले पाहिजे.

पहिले कारण मुलांच्या सुरक्षिततेचे आहे. माणसाकडून खाणे मिळते, असे घारीला एकदा कळले, की ती हातातील खाऊवर झडप घालू लागते. तिची नखे लहान मुलाच्या हाताला व चेहऱ्याला इजा करू शकतात. शाळेच्या आवारात ही सवय लावणे केव्हाही इष्ट नाही.

दुसरे कारण पक्ष्याच्या हिताचे आहे. आमिषाच्या जागी घारी, कावळे व कुत्री एकत्र जमतात, भांडणे होतात व रोग पसरण्यास वाव मिळतो. टाकलेले मांस शिळे किंवा औषधयुक्त नाही, याची खात्री देता येत नाही. गिधाडांचे उदाहरण वर आलेच आहे.

तिसरे कारण सत्याचे आहे. आमिषावर उतरलेल्या घारीच्या चित्राखाली ‘घार भक्ष्य खाताना’ असे लिहिले, तर ते अर्धसत्य होते. घार स्वतः काय शोधते व कोठे शोधते, हे त्या चित्रावरून मुळीच कळत नाही. विज्ञानाच्या वहीत अशा नोंदीला स्थान नाही.

चौथे कारण कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती मर्यादित नाही. वन्य प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखविणे, तसेच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे या गोष्टीही त्या व्याख्येत येतात. कायद्याने आमिषाचा उल्लेख सापळ्याच्या शेजारी केला आहे, एवढे सांगितले तरी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्याचे गांभीर्य उमगते.

घारींना श्रद्धेने मांस घालण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. दिल्ली शहरात अशी प्रथा असलेल्या वस्त्यांजवळ घारींची घरटी अधिक आढळतात, असे तेथील अभ्यासकांना दिसून आले आहे. अशा प्रथेची वर्गात टर उडवू नये. माणसाने टाकलेल्या अन्नाने पक्ष्यांचे जीवन किती बदलते, याचे ते उदाहरण म्हणून सांगावे.

८. पाठाची मांडणी

हा पाठ तीन तासिकांत विभागावा.

पहिली तासिका वर्गात घ्यावी. विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या शिकारी पक्ष्यांची नावे त्यांच्याकडून काढून घ्यावीत. गावातील बोलीतली नावे फळ्यावर प्रथम लिहावीत व त्यांच्यासमोर पुस्तकी नावे द्यावीत. चोच व नखे यांची आकृती फळ्यावर काढून त्यांचे कार्य प्रश्नोत्तरांनी स्पष्ट करावे. अस्वस्थ पक्ष्याची लक्षणे एखाद्या विद्यार्थ्याकडून साभिनय करवून घेतल्यास ती पक्की लक्षात राहतात.

दुसरी तासिका उद्यानात किंवा गायरानावर घ्यावी. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. एकाने पक्ष्याच्या हालचाली हळू आवाजात सांगाव्यात, दुसऱ्याने वेळ व नोंद लिहावी, तिसऱ्याने रेखाचित्र काढावे, चौथ्याने शिक्षकांच्या साहाय्याने छायाचित्र घ्यावे. पाचवा विद्यार्थी ‘राखणदार’ असावा. त्याने फक्त पक्ष्याच्या अस्वस्थतेकडे लक्ष द्यावे व लक्षण दिसताच हात वर करावा. राखणदाराचा हात वर झाला, की सर्वांनी, शिक्षकांनीसुद्धा, मागे सरावे. ही भूमिका आळीपाळीने प्रत्येकास द्यावी; वर्गातील दांडगट मुलाला ती आवर्जून द्यावी. गलोलीने पाखरे टिपणाऱ्या हाताला पाखरू राखण्याचे काम मिळाले, की त्याच्यात जो बदल होतो, तो उपदेशाने होत नाही.

नोंदवहीत पुढील रकाने आखावेत : दिनांक व वेळ, स्थळ, पक्ष्याचे नाव, भक्ष्य कोणते, भक्ष्य कोठे खाल्ले – फांदीवर, जमिनीवर की उडताना, खाण्यास लागलेला वेळ, इतर पक्ष्यांचे वर्तन, पक्षी कशामुळे उडाला. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘आमच्यामुळे उडाला’ असे लिहावे लागले, तर ते प्रामाणिकपणे लिहावे आणि त्यासाठी कोणासही रागावू नये. पुढील खेपेस काय सुधारावे, हे त्याच रकान्यावरून ठरते.

पक्षी खाताना दिसलाच नाही, तर तासिका फुकट गेली असे मानू नये. पिसांचा सडा, घुबडाची गोळी, खारीची हाक, घारीमागे लागलेले कावळे यांपैकी काहीतरी नोंदण्याजोगे मिळतेच. ज्या शाळेत कॅमेरा नाही, तेथे रेखाचित्र पुरेसे आहे. कित्येकदा रेखाटन करणारा मुलगा छायाचित्र घेणाऱ्याहून अधिक पाहतो.

तिसऱ्या तासिकेत गटांनी आपापल्या नोंदी वर्गापुढे वाचाव्यात. शिक्र्याची व कापशीची शिकार करण्याची रीत, घारीचा व ब्राह्मणी घारीचा आहार अशी तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. त्यातून ‘ज्या पक्ष्याचे जसे भक्ष्य, तशी त्याची शिकारीची रीत व राहण्याची जागा’ हा सामान्य नियम त्यांनीच शोधून काढावा. निवडक चित्रे व नोंदी यांचे भित्तिपत्रक तयार करावे. निवड करताना ज्या चित्राच्या शेवटच्या रकान्यात ‘पोट भरल्यावर आपणहून उडाला’ अशी नोंद असेल, त्यास पहिला मान द्यावा, मग ते चित्र थोडे अस्पष्ट का असेना.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्मदिन होय. या सप्ताहात भित्तिपत्रकाचे प्रदर्शन भरवून पालकांना आमंत्रण द्यावे. त्या वेळी कापशीने धरलेल्या उंदराचे एक चित्र शेतकरी पालकांना जे पटवून देईल, ते लांब भाषण देणार नाही.

९. स्वाध्याय

१) घार व ब्राह्मणी घार यांतील फरक शेपटी, रंग व राहण्याचे ठिकाण या तीन मुद्द्यांनी लिहा.

२) शिकारी पक्ष्याची नखे व चोच यांची कामे कोणती?

३) खाणारा पक्षी निर्धास्त आहे, हे कशावरून ओळखाल? तो अस्वस्थ आहे, हे कशावरून ओळखाल?

४) घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा : आपल्या गावात गिधाडे केव्हापर्यंत दिसत होती? ती कोठे उतरत असत?

५) आमिष टाकून घेतलेले चित्र व वाट पाहून घेतलेले चित्र यांत कोणता फरक आहे? आपले मत पाच वाक्यांत मांडा.

६) एक आठवडा रोज दहा मिनिटे शाळेच्या एकाच खिडकीतून आकाश व झाडे पाहा. दिसलेल्या शिकारी पक्ष्यांची नोंद वरील रकान्यांत करा.

सहावा स्वाध्याय शिक्षकांनी स्वतःही करावा. एका आठवड्यानंतर विद्यार्थ्यांची व शिक्षकांची वही शेजारी ठेवून वर्गात वाचावी आणि शेवटच्या रकान्यापासून चर्चेस आरंभ करावा.